रिबेकाचं दृढीकरण

"अजानी, हात गार पडलेत तुझे."

शब्द तळहाताखालून आले. बाप्तिस्मा झालेल्यांना मंडळीत पक्कं करून घ्यायचा दृढीकरणाचा विधी चालू होता, आणि बिशप ओबादाया ओलुलाडे यांचे दोन्ही हात एका म्हातारीच्या डोक्यावर होते. पांढऱ्या फडक्यातून कवटीची ऊब लागत होती आणि ओठांवर तीच प्रार्थना होती, जी ते सकाळपासून प्रत्येक डोक्यावर म्हणत आले होते. प्रभू, या लेकराला सांभाळ. 'लेकराला'पर्यंत ते पोचले होते. म्हातारीनं मान वर केली नव्हती. ओठही फारसे हलवले नसावेत, कारण शेजारी गुडघे टेकलेल्या बाईनं वळून पाहिलं नाही, आणि मागे उभा राहून एकेक नाव पुकारणारा धर्मशिक्षक अकिनबोडे तसाच घामेजल्या चेहऱ्यानं पुढचं नाव जुळवत राहिला. 'सांभाळ' हा शब्द बिशपांनी उच्चारला. हात उचलले. पुढच्या डोक्यावर ठेवले. इतक्या वर्षांच्या सेवेत अंगात मुरलेली एक विद्या म्हणजे हीच होती: आत काहीही कोसळलं तरी हात पुढच्या डोक्यावर जातात.

अजानी हे नाव मिशनच्या कुठल्याच वहीत नव्हतं. आमच्यात मूल जन्मलं की त्याला एक लाडाचं नाव मिळतं. ते चारचौघांत हाक मारायला नसतं. रुसलेल्याची समजूत काढायला, तापानं फणफणलेल्याला थोपटायला घरातली मोठी बाईमाणसं ते तोंडात घोळवतात. अजानी म्हणजे झगडून मिळवलेला. ते घोळवणारं तोंड केव्हाच मातीत गेलं, अशी बिशपांची समजूत होती. आई देवीच्या साथीत गेली असं वडिलांनी सांगितलं होतं, आणि वडील खोटं बोलत नसत. निदान बाप्तिस्मा झाल्यापासून तरी नाही. डोकी येत होती, सरकत होती. तेल लावलेली, धुतलेली, थरथरणारी, एक ताठ, एक तापलेलं. बिशपांच्या बाह्या कोपरापासून मनगटापर्यंत फुगलेल्या आणि मनगटाशी घट्ट बांधलेल्या होत्या. लंडनच्या शिंप्यानं त्या थंडीसाठी बेतल्या होत्या आणि इबादानच्या उन्हात त्यांच्या आत घाम डबक्यासारखा साचत होता. तरी हात गार होते. म्हातारी खरंच बोलली होती. ती उठून जागेवर परत जाताना त्यांनी एकदाच डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. जोडलेल्या हातांची नखं निळी होती. बोटांच्या पेरापेरांत मुरलेली निळ, जी साबणानं जात नाही, उपासानं जात नाही आणि बहुधा बाप्तिस्म्याच्या पाण्यानंही जात नाही.

त्यांची आई निळारीण होती, निळीत कापड रंगवायची. वडिलांच्या अंगणात तिचे रांजण पुरलेले असत, आणि निळीच्या पानांचा कुजका, गोडसर वास तिच्या पाठीला कायम असे. त्या पाठीवर बांधलेलं मूल तोच वास घेत झोपी जाई. मग गोरे पाद्री आले. वडील त्यांच्या व्हरांड्यात बसू लागले, अक्षरं गिरवू लागले, आणि एके दिवशी पाद्री म्हणाले की सगळं ठीक आहे, पण देवाच्या घरात एका पुरुषाला एकच बायको. वडिलांना दोन होत्या. पहिलीला मुलगे जास्त होते, तिचं माहेर तालेवार होतं; धाकटीला एकच, झगडून मिळवलेला. भांडण झालं नाही, पंचायत बसली नाही. मुलगा मिशनच्या शाळेतून परतला तेव्हा आईची खोली झाडून काढलेली होती, आणि अंगणात रांजण उपटून नेलेल्या जागी ओले गोल खड्डे होते. त्यानं विचारलं, तेव्हा थोरली म्हणाली, "माहेरी गेलीय." काही दिवसांनी वडील म्हणाले, "वारली." त्या रविवारी वडिलांचा बाप्तिस्मा झाला आणि मंडळीनं इतक्या आनंदानं गाणी म्हटली की मुलगाही गायला. त्याचा आवाज गोड होता. पाद्रीसाहेबांनी तो ऐकला आणि त्याला वसतिगृहात ठेवून घेतलं. बिशप ओलुलाडेंच्या चरित्राला तिथून सुरुवात होते, असं शाळेच्या समारंभात नेहमी सांगितलं जाई.

पुढचं सगळं चढणीचंच होतं. फ्रीटाउनचं कॉलेज, ग्रीक, लॅटिन, मग शिक्षक, मग डीकन, मग पाळक. नदीकाठच्या गावांत घोड्यावरून आणि होडीतून केलेले दौरे, काळज्वर, एक बायको, तिचं आजारपण, तिची कबर. मग लंडन, हिवाळा, दगडी देवळात गुडघे टेकलेले आणि मानेवर कितीतरी गोऱ्या हातांचं ओझं. ते उठले तेव्हा बिशप झाले होते. साहाय्यक बिशप. वर मोठे बिशप होतेच. निघताना त्यांच्या जुन्या शिक्षकांनी हात हातात घेऊन सांगितलं होतं, "ओबादाया, तू चुकलास तर कुणी म्हणणार नाही की ओबादाया चुकला. म्हणतील, आफ्रिकन माणसाला हे झेपत नाही. तुझ्यामागे येणाऱ्या प्रत्येक पोराचं दार तुझ्या हाताशी आहे." ते आशीर्वादासारखं बोलले होते. पण त्या दिवसापासून बिशप ओलुलाडे कुठल्याही खुर्चीत पुरते टेकून बसले नाहीत. पाठ आणि खुर्ची यांत बोटभर जागा राहायचीच. आवाज चढला नाही, सभेला उशीर झाला नाही, आणि मोठ्या बिशपांनी ज्याला 'नाही' म्हटलं त्याला त्यांनी कधी 'हो' म्हटलं नाही. दोन-तीन बायकांचे कर्ते पुरुष, ज्यांनी देवळासाठी जागा दिल्या, भिंती रचल्या, ते पायऱ्यांवर बसून उपासना ऐकत. बिशप त्यांच्यामधून आत जात. 'एक ठेवा, बाकीच्यांना सोडा,' हे वाक्य त्यांनी किती अंगणांत उच्चारलं असेल! प्रत्येक वेळी कुठल्यातरी घरातली एक खोली झाडून निघाली असेल. हा विचार यापूर्वी कधी आला नव्हता, असं नाही. आला की ते दुसऱ्या विषयाकडे वळत. आज वळता येईना.

उपासनेनंतर जेवणाच्या टेबलाशी आर्चडीकन फेरिस शाळेच्या गळक्या छपराबद्दल बोलत होते. फेरिस भला माणूस. आमची भाषा बऱ्यापैकी बोलायचा, फक्त तिच्यातले चढउतार त्याला जमत नसत, त्यामुळे त्याचं प्रत्येक वाक्य सपाट जमिनीवरून चालल्यासारखं वाटे. बिशपांनी ताटातला यामचा उकडलेला कंद चिवडला. ते उठून बाहेर आले तेव्हा अकिनबोडे व्हरांड्यात आपले बूट काढून पायांना वारा घेत होता. तो धडपडत उभा राहिला.

"बस, बस. ती शेवटच्या रांगेतली म्हातारी कोण रे? निळ्या हातांची."

"रिबेका, बिशपसाहेब. टेकडीखालच्या आळीतली. लावोयिन म्हणून जुना खोगीरवाला आहे, त्याची धाकटी बायको. बाईमाणसाला कुठं विचारतात कुणाची कितवी व्हायचंय म्हणून! तेव्हा नियमात बसवून तिला घेतलं. पण म्हातारा राहिला बाहेर." अकिनबोडेला हसू आवरेना. "फार खट आहे हो तो. मी म्हटलं, बाबा, एक सोड, उद्या तुझा बाप्तिस्मा. तर म्हणतो, कुठला सोडू, डावा डोळा की उजवा? आता अंथरुणाला खिळलाय. रोज निरोप पाठवतो की मला घ्या, मला घ्या. घेणार कसं?"

"नियम आहे," बिशप म्हणाले. त्यांच्या तोंडून ते आपोआप गेलं.

दुपारी ऊन कलल्यावर त्यांनी मोटार काढायला सांगितली. फेरिसना सांगितलं की एका आजाऱ्याला भेटायचंय, आणि ते खोटं नव्हतं. आळी जिथं अरुंद झाली तिथं ते उतरले. गंजलेल्या पत्र्यांची छपरं एकमेकांना खांदा लावून बसली होती. गुडघ्यापर्यंत बटणांची कापडी पायवेष्टनं, छातीवर क्रूस, वर काळा कोट, असा तो म्हातारा बिशप चिखलातल्या फळ्यांवरून तोल सावरत चालला तसे बायकांनी उखळातली मुसळं थांबवली. एकीनं गळा ताणून आत वर्दी दिली, "इया अजानी! अगं इया अजानी, बाहेर ये, तुझ्याकडे मोठे साहेब आलेत!"

इया अजानी. अजानीची आई. मिशनच्या दफ्तरात ती रिबेका होती, आणि इथं सगळ्या आळीच्या तोंडी तिचं दुसरं नावच नव्हतं. तिला पुन्हा मूल झालं नव्हतं, की जगलं नव्हतं? ज्याला ती मेली असं सांगण्यात आलं, त्याच्या नावानं ती इतकी वर्षं हाकेला ओ देत होती. बिशपांना वाटलं, आपण इथल्या इथं परत फिरावं. फळी अजून पायाखाली आहे.

ती दारात आली. सकाळचं पांढरं फडकं तिनं सोडलं होतं. केस कापसासारखे. ती तिथंच उभी राहिली, आणि अंगणातले सगळे पाहत राहिले, कारण आता काय व्हायला हवं ते लहान पोरालाही ठाऊक होतं. आमच्यात मुलगा आईसमोर आला की जमिनीवर पालथा पडतो, छाती मातीला लागेतो. मग तो राजा असो की चोर. बिशपांचे गुडघे वाकले. पायवेष्टनांची बटणं पोटरीत रुतली, क्रूस पुढे लोंबला, आणि ते अर्ध्यातच थांबले. मागोमाग आलेला मोटारीचा चालक अंगणाच्या दाराशी उभा होता. हा उद्या फेरिसच्या आचाऱ्याला सांगेल, आचारी फेरिसला सांगेल. कमरेतून वाकलेले, एक हात हवेत, अशा अवस्थेत ते क्षणभर राहिले, पडायचं की उठायचं हे ठरवता न येऊन.

"राहू दे, राहू दे," ती घाईनं म्हणाली आणि दंडाला धरून तिनं त्यांना सरळ केलं. "कपडे मळतील. धुवायला कोण आहे तुला तिथं?" मग मागं वळून, "इया ताइवो, चटई टाक गं. आणि त्या पोरांना हाकल, काय तमाशा लावलाय!"

लावोयिनच्या थोरलीनं, इया ताइवोनं, चटई टाकली. ठेंगणी, रुंद बाई, तिच्या एका डोळ्यात फूल पडलेलं. बिशपांकडे तिनं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "हा होय! आम्ही आपलं समजत होतो की पोरगा बिशप झाला ही हिची थाप आहे. रोज भांडणात काढायची ही, माझा मुलगा असा नि माझा मुलगा तसा."

"मला सांगितलं, तू वारलीस," बिशप म्हणाले. इतक्या वर्षांनी आईशी बोललेलं पहिलं वाक्य ते हे होतं.

"तुझ्या बापानंच सांगितलं असेल. बिचारा! जिवंत बायको टाकून आलो म्हणण्यापेक्षा मेली म्हणणं बरं वाटलं असेल त्याला. मला म्हणाला, पोरगा साहेबलोकांच्या हाती दिलाय, मध्ये येऊ नकोस. नाही आले. भावांच्या घरी दोन पावसाळे काढले. मग हा भेटला." तिनं आतल्या अंधाराकडे हनुवटी उडवली. "यानं विचारलं नाही की का टाकली म्हणून. रांजण पुरायला जागा दिली."

आत चामड्याचा जुना वास होता. भिंतीला लाल-काळ्या पट्ट्यांची खोगिरं टांगलेली, मोटारी आल्यापासून कुणी न मागितलेली. लावोयिन चटईवर पडला होता, अंगाची नुसती काडी, पण डोळे जागे. त्यानं बिशपांना नमस्कार केला: उन्हात चालत आल्याबद्दल, मोटारीत बसून अंग आंबल्याबद्दल, म्हाताऱ्याच्या घरची पायरी चढल्याबद्दल, प्रत्येकाचा वेगळा. मग धाप लागली म्हणून थांबला.

"बाबा, बोलू नका," बिशप म्हणाले.

"मी नाही बोललो तर या दोघी बोलतील, ते जास्त वाईट. ऐक बिशप, मला तुमच्या देवाकडे जायचंय. आमच्याकडे जुने देव होते, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण ही रोज येऊन सांगते, तिथं एकजण आहे जो टाकलेल्यांना जवळ घेतो. म्हटलं, तिला टाकलं त्यांचाच तो देव, आणि तिलाच तो आवडतो, तर बघावं काय चीज आहे. मला पाणी घाल."

 बिशपांना वाटत होतं की काहीतरी वेगळं बोलावं, इथल्या हवेतलं, या चामड्याच्या वासातलं काहीतरी. पण त्यांना ऐकू आला तो आपलाच सभेतला आवाज, नीट, हळू, प्रत्येक शब्द धुतलेला: "बाबा, मंडळीच्या नियमाप्रमाणे एकाच पत्नीबरोबर..."

"मी जाते की!" इया ताइवो मध्येच म्हणाली. "माझी पोरं आहेत, ताइवोकडे जाईन. ही कुठं जाईल?"

"तू कशाला? तू थोरली. आधीची ठेवतात, असं असतं त्यांचं. मला माहितेय ना," बिशपांची आई म्हणाली. "मला सवय आहे जायची."

"तोंड आवर! सवय आहे म्हणे! तू गेलीस तर याची पाठ कोण चोळणार? माझ्यानं होत नाही."

"बघ," लावोयिन हसला, आणि हसण्याचा खोकला झाला. "जन्मभर या घरात कुणी राहायचं यावर भांडल्या. आता कुणी जायचं यावर भांडतात. बिशप, तूच सांग. तुझ्या हातानं दाखव, कुठली."

तिघं त्यांच्याकडे पाहत होते, आणि कुणाच्याही नजरेत राग नव्हता. बिशपांना भिंत पाठीला टेकल्यासारखी वाटली. मोठे बिशप रजेवर विलायतेला होते. बोटीनं विचारणा जाऊन बोटीनं उत्तर येईतो हा माणूस उरणार नव्हता. आणि उत्तर काय येणार हे त्यांना पाठ होतं. मोठे बिशप आता थकले होते, त्यांच्या जागी कोण याची कुजबुज सुरू होती, आणि काही गोरे लोक आधीच म्हणत होते की एक काळा बिशप पुरे. आज या खोलीत पाणी घातलं तर उद्या प्रत्येक पायरीवरचा कर्ता पुरुष उठून म्हणेल, आम्हालाही. आणि लंडनमध्ये म्हणतील, बघा, शेवटी आपल्या आफ्रिकेतच परतले. "मी विचार करतो, बाबा," ते म्हणाले. "मी प्रार्थना करतो."

"कर," लावोयिन म्हणाला. "मी इथंच आहे. उठून कुठं जाणार?"

आई मोटारीपर्यंत आली. तिनं त्यांच्या कोटावरचं काहीतरी झटकलं. "बाहेर कुणाला सांगू नकोस रे, मी तुझी कोण ते. इया ताइवोला नि आळीतल्या बायांना मी दम देऊन ठेवते. उगीच तुझी खुर्ची हलायची."

ते लागोसला परतणार होते, पण परतले नाहीत. फेरिस दौऱ्यावर गेले तरी मिशनच्या बंगल्यात राहिले, दृढीकरणाचं काम बाकी आहे असं सांगून. सकाळी ते व्हरांड्यात बसत. टेबलावर पुस्तकं उघडत आणि मिटत. रोज ठरवत की आज आळीत जायचं, आणि रोज एखादा पाळक भेटायला येई आणि ते त्याला हवा त्याहून जास्त वेळ देत. त्यांना जाणवत होतं की आपण वाट पाहतोय. कशाची, हे स्वतःशी म्हणायचं धैर्य नव्हतं. म्हातारा आपल्या आपण सुटेल, आणि मग प्रश्नच उरणार नाही. कुणालाच काही दाखवावं लागणार नाही.

मग एका सकाळी अकिनबोडे धावतच आला. पायात बूट नव्हते.

"अनर्थ झाला, बिशपसाहेब! लावोयिन गेला पहाटे. पण गेला तो कसा गेला! त्या म्हातारीनं, रिबेकानं, स्वतः त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं आणि त्रिएक देवाच्या नावानं बाप्तिस्मा दिला! निळीच्या रांजणात पाणी ओतायचं मडकं असतं ना, त्या मडक्यानं! मी विचारलं, तुला कुणी अधिकार दिला? तर मलाच म्हणते, तूच शिकवलंस, कुणी मरत असेल आणि पाळक जवळ नसेल तर कुणीही ख्रिस्ती माणूस पाणी घालू शकतो. मी वर्गात सांगितलं होतं खरं, पण ते... ते लहान मुलांसाठी हो! आता आळीतले म्हणतात, तो ख्रिस्ती झाला, त्याला देवळाच्या आवारात पुरा. दोन बायका घेऊन! तुम्ही येऊन फक्त एवढं म्हणा, हे काही खरं नाही."

बिशप उभे राहिले. टेबलाची कड धरून ठेवली. नियम त्यांना पाठ होता, आणि या एका ठिकाणी नियम तिच्या बाजूनं होता. पाणी होतं. नाव घेतलं होतं. माणूस मरणाच्या दारी होता. आपण ज्या दारासमोर घुटमळलो, ते तिनं मडकं हातात घेऊन उघडलं, आणि आत जाऊन आलीसुद्धा. त्यांना पहिल्यांदा जे वाटलं ते समाधान नव्हतं, हेवा होता.

"बाप्तिस्मा झालाय, अकिनबोडे," ते म्हणाले. "आवारात खड्डा खणायला माणसं लाव. मी येतो."

"तुम्ही स्वतः?"

"मी स्वतः."

बिशपांनी लावोयिनला मातीत ठेवलं. आळी लोटली होती, पायरीवर बसणारे सगळे म्हातारे पहिल्यांदाच आवारात आत आले होते. आई आणि इया ताइवो शेजारी उभ्या होत्या, दोघींनी एकाच ताग्यातलं निळं वस्त्र नेसलं होतं. बिशपांनी शब्द म्हटले, माती टाकली. त्यांचा आवाज फाटला नाही. परतताना मात्र त्यांना असं हलकं वाटलं की त्याची भीती वाटली. जणू पायाखालची फळी काढून घेतलीय आणि आपण अजून पडलेलो नाही.

फेरिस दौऱ्यावरून आले, त्यांनी सगळं ऐकून घेतलं. रात्रीच्या जेवणाला म्हणाले, "समितीची बैठक आहे. लागोसहून लोक येतील. काळजी करू नका, बिशप. मी बघतो." त्यांच्या बोलण्यात इतकी माया होती की बिशपांनी उचललेला घास खाली ठेवला.

बैठक बंगल्याच्या मोठ्या खोलीत झाली. लांब टेबल, वर ओढायचा पंखा, दोन गोरे पाळक, लागोसचे दोन वकील, तीन देशी पाळक. त्यांत तो तरुण ओडेवालेही होता, ज्याला बिशपांपेक्षाही चांगलं ग्रीक येई आणि ज्याचं नाव पुढेमागे या खुर्चीसाठी घेतलं जाईल असं सगळे समजून होते. तो टेबलाकडे पाहत होता. व्हरांड्यात, खिडकीच्या पलीकडे, दोन म्हाताऱ्या बाकावर बसल्या होत्या. अकिनबोडेनं त्यांना साक्षीसाठी आणलं होतं. आईनं दृढीकरणाच्या दिवशीचं पांढरं फडकं पुन्हा बांधलं होतं, आणि ती ओठांतल्या ओठांत काहीतरी घोळवत होती. काय सांगायचं त्याची तयारी करत असावी. खोलीतलं बोलणं इंग्रजीत होतं, तिला कळत नव्हतं.

फेरिस उठले. ते फार चांगलं बोलले. म्हणाले की बाप्तिस्मा वैध आहे, याबद्दल कुणाचं दुमत नसावं. प्रश्न एवढाच, की मृताची घरची परिस्थिती त्या वेळी काय होती. आपल्या माहितीप्रमाणे म्हाताऱ्यानं बाप्तिस्म्याची इच्छा धरल्यापासून धाकट्या बाईशी संबंध सोडला होता; बाई फक्त शुश्रूषेला येत-जात होती. तसं असेल तर नियम मोडलेला नाही, कुणी मोडलेला नाही, आणि ही गोष्ट इथंच संपते. मग ते बिशपांकडे वळले. त्यांच्या निळ्या डोळ्यांत विनवणी होती. "ती बाई त्या वेळी त्या घरात राहत नव्हती. नव्हती ना, बिशप?"

पंखा करकरला. ओडेवालेनं मान वर केली.

"नाही," बिशप ओलुलाडे म्हणाले.

आमच्या भाषेत असं विचारलं आणि उत्तर 'नाही' आलं, तर त्याचा अर्थ होतो: तुम्ही म्हणता तसं नाही, ती होती. इंग्रजीत त्याच 'नाही'चा अर्थ होतो: बरोबर, नव्हती. पहिल्या वर्षी वसतिगृहात प्रत्येक पोर या खड्ड्यात पडतं, वेताची छडी खातं आणि शिकतं. बिशपांच्या ओठांवर इंग्रजी शब्द होता आणि मनात आपला अर्थ होता, अगदी स्पष्ट, टणक: ती होती. ती तिथंच होती, त्याचं डोकं तिच्या मांडीवर होतं. हे त्यांना शपथेवर सांगता आलं असतं. पण फेरिसचा चेहरा सैलावला, वकिलानं चष्मा पुसायला काढला, ओडेवालेनं श्वास सोडला, आणि तेवढ्या अवधीत एक वाक्य बोलायला पुरेशी जागा होती. ती जागा त्यांना दिसत होती. तोंड उघडून 'माझं म्हणणं तसं नव्हतं' एवढंच म्हणायचं होतं. ज्यानं उभी हयात या भाषेत प्रवचनं दिली, हिशेब दिले, क्षमा मागितल्या, त्याला हा फरक ठाऊक नव्हता असं देवासमोर तरी म्हणता येणार होतं का? जागा भरून आली. फेरिस म्हणाले, "मग त्या म्हातारीला आत बोलावून त्रास द्यायचं कारण नाही," आणि सगळ्यांनी माना हलवल्या.

बिशप उठले. क्षणभर बाहेर जाऊन येतो म्हणाले. व्हरांड्यात ऊन पांढरंफटक पडलं होतं. दोघी लगबगीनं उभ्या राहिल्या.

"आमची पाळी आली?" आईनं विचारलं.

"नाही. गरज नाही म्हणाले."

"बघ बाई! मी सगळं नीट मनात मांडून ठेवलं होतं." ती जरा हिरमुसली. मग आवाज उतरवून, "तुला विचारलं त्यांनी काही? काय विचारलं?"

"तू त्या घरात नव्हतीस ना, असं विचारलं."

"अगं बाई! आणि तू?"

"मी म्हणालो, नाही."

ते आपल्या भाषेत बोलले होते. या भाषेत त्याचा एकच अर्थ होत होता. तिचा चेहरा उजळला, सुरकुत्यांसकट. तिनं इया ताइवोच्या बरगडीत कोपर मारलं.

"ऐकलंस? साहेबलोकांच्या तोंडावर म्हणाला!" मग त्यांच्याकडे वळून ती हळूच म्हणाली, "बरं केलंस बाबा. तुझ्या बापाच्यानं झालं नाही ते. एकदा तरी 'नाही' म्हणता यावं माणसाला."

आतून फेरिसनी हाक मारली. पुढचा विषय शाळेच्या छपराचा होता. बिशप दाराकडे वळले, आणि त्यांना मागे पायऱ्यांवरून उतरणाऱ्या दोघींचे आवाज ऐकू येत राहिले. फाटकाशी अकिनबोडे भेटला तर त्याला, बाहेर केळी विकत बसलेल्या बाईला, आणि मग रस्त्यानं जो भेटेल त्याला ती थांबवून सांगत होती, बिशप काय म्हणाले ते.